सूचना : जुन्या गाड्यांतील पेट्रोल भरण्याच्या नळीची गळती

सर्व सभासदांना विनंती की, गाडी लांबच्या प्रवासाला काढण्यापूर्वी आपापल्या पद्मिनी, अँबेसेडर वा तत्सम जुन्या गाडीची पेट्रोल भरण्याची नळी तपासून घ्यावी. टाकी काठोकाठ भरल्यावर किंवा वळणावरच पेट्रोलचा वास येत असेल, तर दोष बहुधा टाकीत नसून झाकणाच्या वायसरमध्ये किंवा झाकणाखालची मान टाकीला जोडणाऱ्या रबरी नळीत असतो. २० टक्के इथेनॉल असलेल्या सध्याच्या पेट्रोलने जुने रबर फुगते आणि नळी वाकवून पाहिल्यास क्लिपच्या कडेला बारीक भेगा दिसतात.

तिच्या जागी रेडिएटरची नळी कापून बसवू नये, कारण ती पेट्रोलने लवकरच मऊ पडते. इथेनॉल सोसणारी नळीच घ्यावी आणि मानेवरचा गंज आधी पॉलिश पेपरने काढावा. काम मोकळ्या हवेत, बॅटरीची तार काढून व टाकीतील पेट्रोल उतरवूनच करावे. रिकाम्या केलेल्या टाकीतही पेट्रोलची वाफ उरते आणि ती भडकू शकते; म्हणून टाकीला वेल्डिंग करण्याचे वा डाग देण्याचे काम घरी कोणीही, हात कितीही सरावलेला असला तरी, करू नये, ही कळकळीची विनंती.