अंजबेड्री, अज्जी

डॉक्टरबाई,
सप्रेम नमस्कार.

मागच्या श्रावणात निपाणीकडच्या एका खेड्यातून मी आईला तुमच्याकडे घेऊन आले होते. डावा गाल सुजलेला, पदरानं तोंड झाकलेलं. तुमच्याकडे रोज इतकी माणसं येतात, तुम्हाला ती आठवत असेल-नसेल. आभार तोंडी मानायचे राहून गेले, म्हणून सगळ्यांसमोर हे पत्र.

आईनं जन्मभर विड्या वळल्या. आमच्याकडं तंबाखू घरातच. तव्यावर काळा होईस्तोवर भाजायचा, कुटायचा, की झाली मशेरी. लहानपणापासून ती दोन्ही वेळ लावायची. त्याशिवाय पोट साफ होत नाही, असं तिचं ठाम म्हणणं. मी ब्रश आणून दिला, तर हिरडीतून रक्त आलं म्हणून चार दिवसांत सोडला. दाढ ठणकली की लवंग, नाहीतर किडीच्या भोकात मशेरीचीच चिमूट. आधी एका दवाखान्यात नेलं होतं. तिथं सगळ्यांदेखत ऐकवलं, "मशेरी लावता, मग दात कसे राहणार?" ती मान खाली घालून उठली आणि पुढं दोन वर्षं दाताच्या डॉक्टरचं नाव काढू दिलं नाही.

तुम्ही पहिलं काय म्हणालात? "अंजबेड्री, अज्जी." घाबरू नका. मग तुमच्या कन्नड वळणाच्या मराठीत विचारलंत, "भीती कशाची वाटते, ते आधी सांगा." हे तिला कुणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

वरची दाढ काढली की नजर जाते, ही तिची भीती. तिच्या आईची तशीच गेली होती म्हणे. तुम्ही हसला नाहीत. माझ्या त्या आजीचं तेव्हाचं वय विचारलंत आणि म्हणालात, दात पडायचं आणि मोतीबिंदू वाढायचं वय एकच, म्हणून माणसं दोन्हींची गाठ घालतात. दाताची नस वेगळी, नजरेची वेगळी. आई खुर्चीत टेकून बसली ती तेव्हा. दुसरी भीती, मशीननं दात साफ केले की हलायला लागतात. तुम्ही आरसा तिच्या हातात देऊन खालच्या दातांमागचं कीटण दाखवलंत. हिरडी त्यानंच मागं सरलीय, दात आधीपासूनच सैल आहेत, कीटण निघालं की ते नुसतं जाणवतं. आणि रक्त येतं तिथंच मऊ ब्रश हळू, पण रोज फिरवायचा. थांबवला तर घाण साठून रक्त वाढतं. मी तर इतकी वर्षं उलटंच समजत होते.

दाढ काढायच्या आधी तुम्ही साखर तपासायला लावलीत. वाढलेली निघाली. हिरड्यांची सूज आणि साखर एकमेकींना वाढवतात, हे तेव्हा कळलं. गोळ्यांनी साखर खाली आल्यावर दाढ काढलीत. भुलीची सुई टोचली तेवढंच दुखलं, असं आई अजून सांगते. कापूस अर्धा-पाऊण तास दाबून धरायचा, त्या दिवशी थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, मिठाचं कोमट पाणी दुसऱ्या दिवसापासून. आणि मशेरी बंद, नाहीतर जखम भरणार नाही. "जन्माची सोडा" म्हणाला असता, तर तिनं ऐकलं नसतं. तुम्ही म्हणालात, "जखम भरेपर्यंत नको." नंतर दर खेपेला थोडे दिवस वाढवत नेलेत. पहिल्या आठवड्यात ती चिडचिडी झाली, डोकं धरून बसायची. पोट मात्र सकाळच्या गरम पाण्यानं साफ व्हायला लागलं.

सगळ्यात मोठं ऋण वेगळंच आहे. खालच्या ओठाच्या आत, ती मशेरीची चिमूट धरायची नेमकं तिथं, पांढरा चट्टा होता. दुखत नव्हता, म्हणून आम्हाला पत्ताच नव्हता. तुम्ही म्हणालात, प्रत्येक चट्टा कॅन्सरचा नसतो, पण तपासल्याशिवाय सोडायचा नाही. बारीक तुकडा काढून पाठवलात. रिपोर्ट येईपर्यंत माझी झोप उडाली होती. कॅन्सर नाही, हे तुम्ही स्वतः फोन करून कळवलंत. दवाखान्यातून फोन आला म्हणून मी भिंतीला टेकूनच उचलला होता. चट्टा आता फिका पडलाय, तरी तुमच्या सांगण्याप्रमाणे दाखवायला येतोच आहोत.

आता आई विड्या वळणाऱ्या बायकांना ओठ उलटा करून बघायला लावते. तोंडातली जखम किंवा चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही तर दवाखाना गाठायचा, हे तुमचं वाक्य तिला पाठ आहे. दोघी आल्याही तुमच्याकडे. तिसरीला अजून नजर जाईल ही भीती आहे; पुढच्या खेपेला तिला आमच्याबरोबर आणतेय. तिलाही आधी तेच विचारा, भीती कशाची वाटते म्हणून.

दिवाळीनंतर कवळीचं माप द्यायला येऊ. आई नव्या शेंगा आणणार आहे. नको म्हणू नका.

तुमची,
अज्जीची लेक