तीन भोकं, पाच वायरी

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

उघड्या बोर्डाचा तुझा फोटो मी तीनदा मोठा करून पाहिला. वायरी पाच आणि सॉकेटला भोकं तीन, मग कुठली कुठे लावायची, हा तुझा प्रश्न रास्त आहे. सॉकेट बदलणं दहा मिनिटांचं काम. आधीच्या माणसाने काय करून ठेवलंय हे ओळखण्यात दुपार जाते.

स्विचच्या एकाच टर्मिनलमध्ये दोन लाल वायरी आहेत ना, त्यांतली एक फेज, म्हणजे करंट, आणणारी आणि दुसरी बहुधा तोच पुढच्या बोर्डाकडे नेणारी, म्हणजे लूप. तिसरा लाल तुकडा स्विचमधून सॉकेटला जातो. न्यूट्रलच्या, म्हणजे करंट परत नेणाऱ्या, दोन काळ्यांचंही तसंच. जोडीने पिळलेल्या वायरी जोडीनेच परत लाव, नाहीतर शेजारची खोली बंद पडेल.

अर्थात हे सगळं रंगावरून, आणि रंगावर माझा विश्वास नाही. तुझ्या जन्माआधी एकदा काळी म्हणजे न्यूट्रल असं धरून मी बोट लावलं आणि स्टुलावरून खाली आलो. कुणाची तरी लाल वायर संपली असणार, त्याने फेजलाही काळीच ओढलेली. म्हणून एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा खटका, पाडण्याआधी टेस्टर इथेच पेटवून बघ, पाडल्यावर प्रत्येक वायरीला लाव, आणि मग दुसऱ्या चालू सॉकेटमध्ये तो अजून पेटतो ना ते बघ. टेस्टरही दगा देतो.

सॉकेट चालू असताना दोन्ही भोकांत टेस्टर पेटला, तर दोन फेज आलेत असं समजू नकोस. बहुतेकदा न्यूट्रल मागे कुठेतरी सुटलेला असतो आणि चालू राहिलेल्या एखाद्या दिव्यातून फेज फिरून परत येत असतो.

मला खरी भीती वाटली ती वरच्या मोठ्या भोकाच्या टर्मिनलवरून न्यूट्रलला गेलेल्या त्या बोटभर काळ्या तुकड्याची. अर्थची, म्हणजे जमिनीत जाणारी सुरक्षेची, वायर इथवर आलीच नाही, म्हणून कुणीतरी न्यूट्रललाच अर्थ करून टाकलंय. रोज सगळं सुरळीत चालतं. पण मागे न्यूट्रल सुटला की हाच फिरून आलेला फेज त्या तुकड्यातून इस्त्रीच्या पत्र्यावर उतरतो. 230 व्होल्ट, आणि इस्त्री तर बिघडलेलीही नसते! तो तुकडा आधी काढ. खरा अर्थ ओढायला वायरमन बोलव. ते तुझं-माझं काम नव्हे. तोवर पत्र्याच्या अंगाचं काहीही तिथे लावायचं नाही.

नवीन सॉकेटला समोरून बघताना उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. पण वायरी मागून लावायच्या असल्याने उजवं-डावं उलटतं, तेव्हा टर्मिनलजवळची एल (फेज) आणि एन (न्यूट्रल) ही अक्षरं बघूनच लाव. स्क्रू आवळल्यावर एकेक वायर ओढून बघ. सैल राहिली की तापते, आणि तुझं जुनं सॉकेट काळं पडलंय ते बहुधा त्यामुळेच.

तुकडा काढलास की फोटो पाठव. आणि स्टुलाचं आईला सांगू नकोस, तिला मी पाय घसरला म्हणून सांगितलंय.

तुझा,
बाबा