आईला सावरायला वेळ द्या

संपादक महोदय,

मी न्यू जर्सीत कोर्टाने नेमलेली स्वयंसेविका म्हणून सरकारने आईवडिलांपासून काढून सांभाळ-कुटुंबांत (फॉस्टर केअर) ठेवलेल्या मुलांना भेटते. 'अमेरिकेत सरकार मुलं हिसकावून घेतं,' असं आपल्या मंडळींत सर्रास बोललं जातं. ते इतकं सरळ नाही. पालकत्व कायमचं तोडायचं तर स्पष्ट आणि पटण्याजोगा पुरावा हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या सॅन्टॉस्की खटल्यात ठरवलं.

मला खुपतो तो १९९७ चा केंद्रीय कायदा. मूल २२ महिन्यांतले १५ महिने सांभाळ-कुटुंबासारख्या सरकारी व्यवस्थेत राहिलं, की काही अपवाद सोडता राज्याने पालकत्व तोडण्याचा अर्ज करायचा. व्यसनी आईला उपचारकेंद्रात जागा मिळेपर्यंतच त्यातले किती महिने जातात! मग नोकरी, मग घर. हेळसांड म्हणून नोंदलेलं बरंचसं निव्वळ दारिद्र्य असतं. मुलाला वर्षानुवर्षं अधांतरी ठेवणंही क्रूरच, हे मी मान्य करते. दर भेटीला दप्तर भरून बसणारी मुलं मी पाहिली आहेत.

म्हणून मूल उचललं त्याच दिवशी पालकाला वकील आणि उपचाराची जागा मिळावी. न्यू जर्सी गरीब पालकांना वकील देते. पण सर्वोच्च न्यायालयाच्या १९८१ च्या निकालानुसार देशभर तो सरसकट घटनात्मक हक्क नाही. आधी तो द्या, मग महिने मोजा.

– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी