खुले पत्र: माचडा गेला आणि माणसं पाण्यात उतरली

माननीय जिल्हाधिकारी, वडोदरा यांस,

सादर नमस्कार.

वाघोडिया बाजूच्या एका गावतळ्यावर मासे उतरवण्यासाठी छोटा लाकडी धक्का होता. तो नव्यानं बांधायला परवानगी मिळावी, एवढ्याचसाठी हे पत्र. गावात त्याला माचडो म्हणतात, आम्ही मराठी घरातले माचडा. तळ्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव छापून आलं की पुढच्या रविवारी शहरातली पोरं मोबाइल घेऊन मगर बघायला हजर, आणि गावाला ते नको आहे. नाव-नकाशासह रीतसर अर्ज वेगळा देत आहोत.

माझा या तळ्याशी संबंध दोन अंगांनी आहे. एक, सुट्टीच्या दिवशी गळ टाकून बसायची खोड. (शाकाहारी शेजारात राहून मासे खाणाऱ्या मराठी माणसाला बडोद्यात अशा जागा जपून ठेवाव्या लागतात.) दुसरं म्हणजे माझा धंदा जुन्या लाकडाचा. दांडिया बाजार, रावपुरा या भागात एखादा वाडा पाडला की त्याचं सागवान आमच्यासारख्यांच्या वखारीत येतं. माचड्याच्या फळ्याही अशाच एका वाड्याच्या तक्तपोशीच्या होत्या, खाली खांब बाभळीचे. लांबी साधारण तीस फूट, रुंदी दोन माणसं पाट्या घेऊन एकमेकांना ओलांडतील एवढी. भोई मंडळी होडीतून रोहू, कटला तिथेच उतरवायची, वजन व्हायचं, बर्फाच्या पेटीत भरून माल टेम्पोत चढायचा.

18 जानेवारी 2024 ला बडोद्यातल्या हरणीच्या मोटनाथ तळ्यात होडी उलटली. शाळेच्या सहलीला आलेली 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. होडीत माणसं जास्त होती आणि लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगात नव्हती. त्यानंतर पाण्यावरच्या प्रत्येक गोष्टीकडे संशयानं बघितलं जाऊ लागलं, आणि ते योग्यच होतं. आमच्या तळ्यावरही जीप आली, खांब हलतात असा शेरा पडला, आणि थोड्याच दिवसांत फळ्या उखडून नेल्या. जीप कुठल्या खात्याची होती हे उगाळण्यात मला रस नाही. शेराही खोटा नव्हता, खांब खरंच हलत होते. पण हलणाऱ्या खांबावर इलाज खांब बदलण्याचा असतो. इथे अख्खा माचडा गेला आणि त्या जागी बोर्ड लागला: पाण्यात उतरू नये. माचडा होता तोवर कुणाला उतरावं लागतच नव्हतं.

मासेमारी अर्थातच थांबलेली नाही. थांबणार कशी? इजाऱ्याचे पैसे भरलेले, पावसाळ्यात सोडलेलं माशांचं बियाणं आता विकण्याजोगं झालेलं. आता होडी काठापासून दहा-बारा हातांवर गाळात रुतते. मग दोघं जण उतरतात, कमरेएवढ्या गढूळ पाण्यात, डोक्यावर माशांची पाटी घेऊन. पाय गाळातून उपसून पुढचं पाऊल टाकायचं. दोन्ही हात पाटीला, नजर समोरच्या काठावर. खाली काय आहे ते दिसत नाही, आणि पाटीतून गळणारं माशांचं पाणी अंगावरून तळ्यात पडत असतं.

बडोदेकराला मगरीबद्दल काय सांगायचं! विश्वामित्री शहराच्या मधून वाहते आणि तिच्यात शेकडो मगरी आहेत. ऑगस्ट 2024 च्या पुरात नदीनं 26 फुटांची धोक्याची पातळी केव्हाच ओलांडली, तेव्हा त्या सोसायट्यांच्या रस्त्यांवर आलेल्या आपण सगळ्यांनी पाहिल्या. आमच्या तळ्यातही दोन-तीन आहेत. गावाची त्याबद्दल तक्रार नाही. खोडियार मातेचं वाहन म्हणून तिला नमस्कार करणारी माणसं आहेत ती. चरोतरात, म्हणजे आणंद-खेडा भागात, तर मलातजसारख्या गावांच्या तळ्यांत मगरी आणि माणसं पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत आली आहेत. मगर पकडून दुसरीकडे न्या, असं कुणी म्हणत नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यात ती पहिल्या अनुसूचीत आहे, आणि एक नेली तर पुढच्या पावसात दुसरी चालत येते.

पण मगर शिकार करते ती काठाशी, उथळ पाण्यात, दबा धरून. धुणं धुणारी बाई, पाणी प्यायला आलेलं वासरू, जाळं ओढणारा माणूस, हे तिच्या टप्प्यात येतात ते तिथेच. माचडा माणसाला नेमका तेवढा पट्टा पाण्यावरून पार करून द्यायचा. म्हणून मी म्हणतो की सुरक्षिततेच्या नावाखाली जे काढलं, तीच त्या तळ्यावरची सुरक्षिततेची सोय होती. हरणीची होडी मौजेची होती. हा धक्का पोटाचा आहे. दोन्हींना एकच कुलूप लावून चालणार नाही.

आता लाकडाबद्दल. लाकूडवाला लाकडाचीच वकिली करणार, असं आपल्या मनात येईल, म्हणून आधीच सांगतो: या कामाला लागणारं लाकूड मी खरेदीभावात देईन, पावती दाखवून.

लाकूड पाण्यात सडतं, हे अर्धंच खरं. सतत बुडालेला भाग फारसा सडत नाही, कारण सडवणाऱ्या बुरशीला हवा लागते. वरचा कोरडा भागही टिकतो. खांब जातो तो पाण्याच्या रेषेवर, जिथे तो आज ओला, उद्या कोरडा असतो. आमचे जुने खांब मी स्वतः तपासले होते. रेषेवर पेचकस टेकवला तर मुठीपर्यंत आत गेला. हातभर खाली त्याच खांबावर तो ठोकला तर टण्ण आवाज. म्हणजे बाभळीनं दगा दिला नव्हता, तेवढा पट्टा वेळेवर बघितला गेला नाही. विहिरीच्या तळाच्या चौकटीला आपल्याकडे बाभूळच वापरायचे, ते उगीच नाही.

तरीही माझा हट्ट सगळं लाकडाचंच हवं असा नाही. खांब काँक्रीटचे घाला, पाण्याची रेषा त्यांच्यावर येऊ दे. वर तुळया आणि फळ्या सागाच्या. खिळे नकोत, ऊन-पावसानं फळी वाकली की खिळा डोकं वर काढतो आणि अनवाणी पायात घुसतो. जस्ताचा मुलामा दिलेले बोल्ट घाला. दोन फळ्यांत बोटभर फट, म्हणजे पाणी साचणार नाही. लाकूड टिकवायला लावतात ते डांबरासारखं काळं क्रिओसोट फासू नका, ते पाण्यात उतरतं आणि खाली मासे आहेत. दोन्ही बाजूंना कठडा, कठड्याला खालपर्यंत जाळी.

पिंपांवर तरंगणारा धक्का स्वस्त पडेल, असं कुणीतरी नक्की सुचवेल. तो मात्र नको. तरंगतं फळकूट पाण्याच्या अगदी लगत राहतं, मगरीला ऊन खायला आयती जागा. सिमेंटच्या पायऱ्यांचा ओवाराही इथे उपयोगाचा नाही: उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की शेवाळलेल्या पायऱ्या उतरून माणूस पुन्हा पाण्याच्या कडेलाच. माचडा भरल्या तळ्याच्याही वर तीन-चार फूट राहावा. उन्हाळ्यात तो उंच वाटेल, तर टोकाला एक कप्पी लावा. पाट्या दोरीनं वर येतील, होडीत उतरायला शिडी.

कायद्याची अडचण सांगितली जाईल. आमचं तळं पाणथळ म्हणून अधिसूचित नाही. पण उद्या झालं तरी काय? केंद्राच्या 2017 च्या पाणथळ जागांच्या नियमांत काठाजवळ पक्क्या बांधकामाला बंदी आहे, आणि त्याच वाक्यात होड्यांच्या जेटीला सूट आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या वढवाणासारख्या रामसर (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या यादीतल्या) पाणथळीला लागू असलेले नियम जे मान्य करतात, ते एका गावतळ्याला नाकारायचं कारण मला दिसत नाही.

आराखडा आम्ही काढला आहे. तो एम. एस. युनिव्हर्सिटीच्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीकडून, म्हणजे आपल्या जुन्या कलाभवनाकडून, तपासून घ्यावा. दर दिवाळीनंतर एका अभियंत्यानं पेचकस घेऊन खांब आणि फळ्या बघाव्यात आणि तारीख-सहीचा कागद पंचायतीत लावावा. माचड्यावर एका वेळी किती माणसं, हे पाटीवर लिहावं. सहलींना बंदी घाला, हौशी गळवाल्यांनाही घाला. माझी रविवारची बैठक गेली तरी चालेल.

घाई एवढ्यासाठी की मे महिन्यात तळं सर्वांत खाली असतं आणि खांबांचे खड्डे तेव्हाच घेता येतात. जूनच्या मध्याला पाऊस लागला की काम पुढच्या वर्षावर जातं, आणि तोवर ती मंडळी रोज कमरेएवढ्या पाण्यात. एप्रिल संपायच्या आत परवानगीचा कागद मिळाला तर मिस्त्री तयार आहेत.

आपला विश्वासू,
रावपुऱ्यातला एक लाकूड व्यापारी