टीएमसीच्या शेजारी मिलिमीटरही छापा

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

गेल्या मंगळवारी आपल्या पहिल्या पानावर आमच्या तालुक्यातल्या धरणाबद्दल 'धरण ९ मिलिमीटर सरकले!' असा मथळा होता. दुपारपर्यंत तो मोबाइलवरून गावोगाव फिरला. संध्याकाळी नदीकाठी राहणाऱ्या माझ्या मेहुणीचा फोन आला, "भाऊजी, सामान बांधायला घेऊ का?" मी म्हटलं, आधी चहा घे. फोन ठेवला आणि बातमी पुन्हा वाचली. आकडा होता, पण त्यावरून बांधायचं की सोडायचं, काहीच ठरवता येईना.

माझी ३१ वर्षं धरणांवर गेली. त्यातली ११ एका साठ मीटर उंचीच्या दगडी धरणाच्या हालचाली मोजण्यात. धरण हलतंच, साहेब. पाणी भरलं की माथा खालच्या अंगाला झुकतो, उन्हाळ्यात पाणी उतरलं की परत येतो. आमच्या धरणाचं हे जाणं-येणं वर्षाला साडेपाच-सहा मिलिमीटर होतं. त्यात उन्हाची भर वेगळी. बाहेरच्या दगडाला लागलेली मेची ऊब आत पोचायला आठवडेच्या आठवडे लागतात, म्हणून आजचं धरण आजच्या हवेला नव्हे, मागच्या महिन्याच्या हवेला हलत असतं.

मोजायचं साधन म्हणाल तर गवंड्याच्या ओळंब्याचाच थोरला भाऊ. माथ्यापासून आतल्या गॅलरीपर्यंत, म्हणजे धरणाच्या पोटातल्या तपासणीच्या बोगद्यापर्यंत, उभ्या विवरात पोलादी तार सोडलेली. खाली जड वजन, आणि ते डुलू नये म्हणून तेलाच्या भांड्यात बुडवलेलं. तारेची जागा सूक्ष्मदर्शकातून मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत वाचायची. गॅलरीचं दार कुणी उघडं टाकलं तर झुळकीने तार थरथरायची. मग आमचा मदतनीस खलाशी शिव्या देत पायऱ्या चढून दार लावून यायचा आणि आम्ही पुन्हा वीस मिनिटं गप्प बसायचो. भिंतीतून पाणी ठिबकतं, भिंग धुकटतं. खिशात दोन कोरडे रुमाल ठेवायचे, एक भिंगाला, एक आपल्याला.

बाहेरून टोटल स्टेशनने, म्हणजे लांबून कोन आणि अंतर वाचणाऱ्या दुर्बिणीच्या यंत्राने मोजतात ते दिसायला झकास, पण फसवं. दोनशे मीटरवर कोन वाचताना एका सेकंदाची, म्हणजे अंशाच्या ३६०० व्या भागाची चूक झाली की बिंदू १ मिलिमीटर इकडचा तिकडे. हवेचं तापमान १ अंशाने चुकीचं भरलं तर किलोमीटरमागे साधारण १ मिलिमीटर अंतर बदलतं. एका नव्या साहेबांनी तापमापक जीपच्या बॉनेटवर ठेवला होता. त्या दिवशी आमचं धरण बरंच हललं!

एक प्रसंग मात्र सांगायलाच हवा. एका मे महिन्यात माथ्यावरचे सगळे प्रिझम (टोटल स्टेशनने ज्यांच्यावर नेम धरायचा ती काचेची खूण) ६ मिलिमीटर सरकलेले निघाले. दोन रात्री कुणाला झोप नाही. तिसऱ्या दिवशी तक्ता पुढ्यात घेऊन बसलो तेव्हा लक्षात आलं की सगळे एकाच दिशेला आणि जवळपास सारखेच सरकलेत. दोन्ही टोकांना डोंगराच्या खडकात बसवलेले प्रिझम, जे कधीच हलत नाहीत, तेसुद्धा. गॅलरीतली तार तर जागची हललेली नव्हती. ज्यावर यंत्र ठेवून मोजायचो त्या मोजणीच्या खांबावर जाऊन पाहिलं, तर त्याच्यापासून चार हातांवर पाइपलाइनसाठी ताजा चर खणलेला. हलला होता तो आमच्या पायाखालचा खांब. पलीकडच्या खडकावरच्या दोन खांबांवरून ताडून पाहिलं आणि मगच जेवलो.

म्हणून मला कुणी 'सगळं आलबेल आहे' म्हणणारा सरकारी माणूस समजू नये. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मी कराडला दुसरीत होतो. मांडणीवरची भांडी अंगावर आली होती. त्या भूकंपात कोयनेच्या १०३ मीटर उंच धरणाला वरच्या भागात, जिथे भिंतीचा उतार एकदम बदलतो तिथे, आडव्या भेगा गेल्या. पुढे धरणाला पाठीमागून टेकू बांधावे लागले. आणि १९६१ साली पानशेतच्या मातीच्या धरणाचा भराव खचत होता तो तर माणसांनी उघड्या डोळ्यांनी पाहिला. जवानांनी वाळूची पोती रचली, तरी १२ जुलैला धरण गेलंच. डोळ्याला दिसण्याआधी जे दिसायला हवं, त्यासाठी ती तार असते.

आता दुखणं. निवृत्तीनंतर एका धरणावर (नाव लिहीत नाही) जुन्या ओळखीने गॅलरीत गेलो होतो. नोंदवही पाहिली. तीन महिन्यांच्या नोंदी एकाच शाईत, एकाच हाताच्या, आणि जवळजवळ प्रत्येक आकड्याचा शेवट शून्य किंवा पाच. खरी तार इतकी शहाण्यासारखी वागत नाही. तिथल्या पोराला विचारलं तर म्हणाला, "काका, वाचणारं पद रिकामं आहे, मी पंपावरचा." त्याला काय बोलणार? २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने उपकरणं बसवणं आणि त्यांच्या नोंदी ठेवणं बंधनकारक केलं आहे. नोंद खरी आहे का, हे पाहायला गॅलरीत उतरावं लागतं.

तर माझी विनंती आपल्याला आहे. पावसाळ्यात आपण रोज कोयना अमुक टीएमसी, उजनी इतके टक्के, असा तक्ता छापता. लोक तो वाचतात, चहाच्या टपरीवर त्यावर पैजा लावतात. त्याच तक्त्यात आठवड्यातून एकदा धरणाच्या माथ्याची हालचालही छापा आणि शेजारी मागच्या वर्षी याच पाणीपातळीला ती किती होती तेही. मातीच्या धरणासाठी भराव किती बसला ते द्या. दर आठवड्याला आकडा छापून द्यायचा म्हटलं की कुणाला तरी गॅलरीत उतरावंच लागेल, आणि शून्य-पाचवाल्या नोंदी तुमच्या वाचकांतल्या एखाद्या शाळामास्तरच्याही नजरेतून सुटणार नाहीत.

तोवर त्या ९ मिलिमीटरबद्दल एवढं तरी छापा: कोणत्या तारखेच्या मानाने, किती पाणी असताना, तारेवरून की बाहेरून, आणि बाहेरून असेल तर तो खांब कुणी तपासला का. मेहुणीने गाठोडं अजून सोडलेलं नाही.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता, कराड
(नाव-पत्ता आपल्याकडे दिला आहे, छापू नये.)