धोमच्या काठाने सायकलवर

वाई,
संक्रांत

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार. काल, भोगीच्या दिवशी, एकटाच सायकलवर धोमला जाऊन आलो. कॉलेजात असताना आपण दोघांनी ठरवला होता तोच रस्ता. तुझ्याशिवाय जायचं नाही म्हणून इतकी वर्षं गेलो नव्हतो. पण मावशीकडे चार दिवस राहायला आलोय, पडवीत मावसभावाची जुनी सायकल दिसली आणि राहवलं नाही. रागावू नकोस. सगळं सविस्तर लिहितो, कारण त्यातला एक भाग तुझाच आहे.

साडेसातला निघालो तेव्हा कृष्णेवर धुकं होतं आणि घाटाच्या पायऱ्या दवाने ओल्या होत्या. थोड्याच दिवसांत कृष्णाबाईचे उत्सव सुरू होतील, मग या घाटांवर उभं राहायला जागा मिळायची नाही. कानटोपी घालून निघालो होतो, ती मेणवली येईपर्यंत खिशात गेली. थंडी अशी की पायडल मारत राहिलं तर लागत नाही आणि थांबलं की अंगावर येते.

मेणवली तीनच किलोमीटर. नाना फडणविसांच्या वाड्यात शिरलो नाही, खाली घाटावर उतरलो. ती घंटा आठवते ना? वसईच्या मोहिमेतून आलेली, १७०७ साल कोरलेली, बाळ येशूला घेतलेली मेरी असलेली. चिमाजी अप्पांनी वसई घेतली १७३९ मध्ये, म्हणजे चर्चमध्ये ती जेमतेम बत्तीस वर्षं वाजली असेल. त्यानंतर ती आपल्या देवळांतली. तिच्या कडेवर हात ठेवला तर धातू बर्फासारखा गार होता. खाली एक बाई धुणं धूत होत्या, त्यांच्या आपटण्याचा आवाज पलीकडच्या काठावरून परत येत होता. अर्धा तास तिथेच बसून राहिलो.

पुढचा रस्ता मला सगळ्यात आवडला. उजवीकडे पांडवगड, डावीकडे पाचगणीचं पठार सरळ रेघ मारल्यासारखं, आणि मध्ये ऊस, हळद, शाळू. शाळू हुरड्यात आलाय. एका माळ्यावर शाळकरी पोरगा गोफण घेऊन उभा होता. मी जवळ आलो तसा त्याने हात थांबवला, मी पुढे गेल्यावर गोफण परत फिरवली. मोटारसायकलवर असतो तर तो माळाही दिसला नसता आणि पोरगाही. ऊसतोडीच्या टोळीची पालं एका शेतात पडली होती. चुलीपुढे एक लहानगी भावंडाला मांडीवर घेऊन बसलेली, आईबाप फडात. तिथून मात्र मला रमतगमत जाववलं नाही.

धोमच्या देवळात कुंडात पाणी होतं. दगडी कासवाच्या पाठीवर नंदीचा मंडप. पाणी असलं की कासव तरंगतंय असंच वाटतं. पुजारी म्हणाले, बसा निवांत. बसलो.

धरणाच्या पुढे, जलाशयाच्या कडेच्या रस्त्याला, मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा. पंप नव्हता, ढकलत पुढच्या वस्तीपर्यंत गेलो. तिथे रस्त्याकडेला पत्र्याच्या शेडमध्ये एक जण पंक्चर काढतो. त्याने टायर सोडवला, ट्यूबमध्ये हवा भरून ती घमेल्यातल्या पाण्यात इंच इंच सरकवत गेला. एका जागी बारीक बुडबुड्यांची माळ सुटली. तिथे बोट ठेवूनच त्याने ट्यूब पुसली, कानशीने खरवडली, सोल्युशन लावलं आणि फुंकर मारत वाळायची वाट पाहिली. घाई अजिबात नाही. मग टायरच्या आतून हात फिरवून काटा शोधला, काढला, माझ्या तळहातावर ठेवला.

तोवर त्याची आई बाहेर आली. भोगी आहे, उपाशी जाऊ नये म्हणाली. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, त्यावर लोण्याचा गोळा आणि भोगीची भाजी. घेवडा, वांगं, गाजर, ओला हरभरा, सगळं त्यांच्याच रानातलं. अशी भाजी मी बऱ्याच वर्षांत खाल्ली नव्हती.

जेवताना मी काकूंच्या, तुझ्या आईच्या, धरणाखाली गेलेल्या गावाचं नाव काढलं. म्हातारीचा हात थांबला. "तुमी कुनाच्यातलं?" मी सांगितलं, माझं नाही, मित्राचं आजोळ. तुझ्या आजोबांचं आडनाव तिला आठवलं नाही. ती शेजारच्या गावची. पण म्हणाली, "आमी बाया त्येच्यातनंच वाईच्या बाजाराला जायचो. पांदीत मोटी जांभळ व्हती. सावलीला पाट्या उतरायचो." आणि तिने पाण्याकडे बोट केलं, समोरच्या उतारावर एकटं घर आहे त्याच्या खाली, साधारण मध्यावर. तिथे नुसतं निळं पाणी. एक पाणकावळा पंख वाळवत होता.

काकू त्या जांभळाबद्दल सांगायच्या तेव्हा आपण लहान होतो, अर्धं कानावर पडायचं. धरणात साडेतेरा टीएमसी पाणी मावतं, हे मला शाळेपासून पाठ आहे. त्या पाण्याखाली एक पांद आहे आणि तिथे बाया पाट्या उतरायच्या, हे काल कळलं. मी बराच वेळ तिथेच उभा होतो. पंक्चरवाल्याने पैसे घेतले, आईने भाकरीचं नाव काढू दिलं नाही.

परतताना वारा पाठीवर होता. अंधार पडायच्या आत मावशीकडे पोचलो.

म्हातारी म्हणाली, मे महिन्यात पाणी खाली गेलं की जुने बांध उघडे पडतात. काकूंचे गुडघे कसे आहेत? गाडी काठापर्यंत जाते, मी पाहून ठेवलंय. त्यांना एवढं विचार की जांभूळ पांदीच्या कोणत्या अंगाला होतं, ओढ्याच्या की देवळाच्या. आणि मला लगेच कळव.

काकूंना नमस्कार. सोबत मावशीच्या हातचा तिळगूळ पाठवतोय.

तुझाच