माळावर झाडं लावू नका, हे आम्हाला कोणी शिकवलंच नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की शाळांच्या वृक्षारोपणाचे फोटो पेपरात यायला लागतात, ते बघून दरवर्षी काहीतरी लिहावंसं वाटतं, यंदा लिहितोच. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात हायस्कूलला विज्ञान शिकवतो आणि गेली बारा वर्षं शाळेच्या हरित सेनेचं, म्हणजे मुलांच्या पर्यावरण गटाचं काम माझ्याकडे आहे. मला एकच सांगायचंय, सरकार पर्यावरण शिक्षणावर जे थोडंफार खर्च करतं त्यात शिक्षकाला शिकवायचा खर्च जवळजवळ नसतोच, आणि तो नसला की काय होतं ते मी स्वतः करून बसलोय.

२०१९ चा पावसाळा. राज्यात ३३ कोटी झाडांचं टार्गेट होतं, आमच्या शाळेच्या वाट्याला पण आकडा आला. शाळेच्या मागे मोठा माळ आहे, मुरमाड, पाऊस झाला की गुडघाभर गवत आणि उन्हाळ्यात नुसती कुसळं. मला तो कायम रिकामाच वाटायचा, गावात सगळे त्याला पडीक रानच म्हणतात. मुलांना घेऊन गेलो, दोन दिवसात दोनशे खड्डे काढले, रोपं आली त्यात बरीचशी गिरीपुष्पाची, म्हणजे बाहेरून आलेल्या ग्लिरिसिडियाची. दुसऱ्या दिवशी आठवीतला एक पोरगा, त्याच्या घरी मेंढरं आहेत, टिकाव खाली ठेवून तसाच उभा राहिला आणि म्हणाला, सर हितं टिटवीची अंडी हायती. वाकून बघितलं तर खरंच चार अंडी, अगदी मुरमाच्या खड्यांसारखीच, ठिपक्याठिपक्यांची, खाली ना गवत ना काडी. डोक्यावर टिटवी ओरडत घिरट्या घालत होती आणि मी काय म्हणालो असेन, तेवढी जागा सोड आणि दोन हात पलीकडे खण. चार दिवसांनी गेलो तेव्हा अंडी नव्हती. रोपांचं म्हणाल तर पुढच्या मे पर्यंत तीसेक जगली असतील, बाकीच्या खड्ड्यांच्या जागी मुरूम वर आलेला, तिथे पुढची दोन वर्षं गवत पण धड आलं नाही आणि त्या पोराचा बाप मेंढरं घेऊन लांबच्या शिवारात जायला लागला.

यात मी मुद्दाम वाईट काही केलं नव्हतं, मला माहीतच नव्हतं. बी.एस्सी. झालो, बी.एड. झालो, नोकरीतली ट्रेनिंगं झाली, कुठेही कोणी सांगितलं नाही की माळरान म्हणजे झाडं तुटून उजाड झालेलं जंगल नव्हे, ते मुळातच तसं असतं. हे मला कळलं तीन वर्षांनी, दिवाळीच्या सुट्टीत स्वतःच्या पैशाने पक्षी अभ्यासकांच्या दोन दिवसांच्या शिबिराला गेलो तेव्हा. पहाटे पाचला माळावर बसवलं त्यांनी आम्हाला, उजाडेपर्यंत बोलायचं नाही. चंडोल, धाविक, तितर असले पक्षी, लांब एक खोकड, सगळं त्याच मोकळ्या जागेत. लांडग्याला मोकळा माळ लागतो, काळविटाला लागतो, माळढोक तर उघड्या जमिनीवरच अंडं घालतो आणि तेही बहुतेक वेळा एकच. त्या माळढोकासाठी १९७९ साली आमच्याच भागात नान्नजचं अभयारण्य झालं आणि आज तिथे एखादा दिसला तर त्याची बातमी होते. मी नान्नजपासून तासाभराच्या अंतरावर राहतो आणि हे सगळं पस्तिशीनंतर शिकलो.

आता सरकारने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. १९९१ साली सुप्रीम कोर्टाने पर्यावरणाचे खटले लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निकाल दिला तेव्हा थेटरात पर्यावरणाच्या स्लाईड फुकट दाखवायला लावल्या, शाळा-कॉलेजात पर्यावरण शिकवायला सांगितलं. पुढे ते सक्तीचं झालं. हरित सेना २००१-०२ ला सुरू झाली, पुढे शाळेला वर्षाला अडीच हजार रुपये ठरले, मग त्याचे पाच हजार झाले. आमच्याकडे हे पैसे कधी मार्चमधे आले, एका वर्षी आलेच नाहीत. कुठे अडकतात ते मला शोधून काढायचं नाही, पण मार्चला आलेल्या पैशातून पोरांना पावसाळा कसा दाखवायचा? मग बिलं गोळा करायची आणि बॅनर छापायचा, बऱ्याच शाळांचं हेच चालतं. विषय म्हणाल तर पर्यावरणातला जलसुरक्षा हा विषय आमच्याकडे श्रेणीचा, दहावीच्या वर्षात त्याचे तास गणिताला जातात हे प्रत्येक शिक्षकाला माहितीये.

माझं मागणं फार मोठं नाही. नवीन शैक्षणिक धोरणात शिक्षकाला वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलंय, त्यातले निम्मे तरी हरित सेनेच्या शिक्षकाला रानात द्या. हॉलमधे पीपीटी दाखवून नाही, आपल्याच तालुक्यात, मे महिन्यात, वनरक्षक आणि गावातला एखादा जुना मेंढपाळ यांच्याबरोबर. कोकणातल्या शिक्षकाला खाडीकाठचं खाजण कळू दे, सह्याद्रीतल्याला डोंगरमाथ्यावरचा कातळाचा सडा कळू दे, आम्हाला माळ कळू दे. एकच परिपत्रक आणि एकच रोप सगळ्या महाराष्ट्राला चालत नाही हो. आणि पैसे जूनच्या आधी पाठवा, पाच हजारच पाठवा पण वेळेवर.

दुसरं एक, याला तर पैसे पण लागत नाहीत. जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत लोकजैवविविधता नोंदवही असते, गावातल्या झाडं-गवतं-प्राण्यांची नोंद ठेवायची. आमच्या गावची मी मागून घेतली, कपाटातून निघाली, उघडली तर गवतांच्या पानावर दोनच नावं. तीच झेरॉक्स नववीच्या वर्गात नेली आणि त्या मेंढरं राखणाऱ्या पोराच्या धाकट्या बहिणीला विचारलं, ती उभी राहून पवना, शेडा, मारवेल, कुसळी, कुंदा असं बोलत गेली, कुठलं मेंढरू आधी खातं आणि कुठलं तोंडाला लागलं की सोडतं ते पण सांगितलं, वर्ग गप्प होऊन ऐकत होता. चाचणीत ही मुलगी कायम शेवटच्या पाचात असते. असल्या नोंदी हरित सेनेच्या मुलांकडून अधिकृतपणे करून घेतल्या तर नोंदवही पण खरी होईल आणि या मुलांना शाळेत पहिल्यांदा मान मिळेल, मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

यंदा आमच्या शाळेने माळावर एकही रोप लावलं नाही. गावातल्या रस्त्याकडेला आणि शाळेच्या आवारात मिळून चाळीस कडुलिंब आणि करंज लावले, प्रत्येक झाडाला दोन मुलं पाण्याला नेमलीत. माळावर फक्त मोजदाद केली, टिटवीची सात घरटी सापडली, तारखेसकट वहीत आहेत. ती वही शाळेत माझ्या टेबलावर असते, वनविभागातल्या किंवा शिक्षण खात्यातल्या कोणाला बघायची असेल त्यांनी कधीही यावं, मुलं माळ दाखवतील.

आपला,
एक हायस्कूल शिक्षक, जि. सोलापूर